केस विरळ होतायत, कोणती गोळी घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ३६, राहायला डोंबिवली, नोकरी परळला. शाकाहारी. थायरॉइडची गोळी काही वर्षांपासून चालू. गेले पाच-सहा महिने केस खूप गळतायत आणि आता भांगही रुंद दिसायला लागलाय. मैत्रिणीने सांगितलं म्हणून १०,००० मायक्रोग्रॅम बायोटिनच्या (ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार) गमी, म्हणजे चघळायच्या गोळ्या, सुरू केल्यात. दुसरी मैत्रीण कोलॅजेन घे म्हणते, जिममधले सर ओमेगा-३ म्हणतात, आई अळिवाचे लाडू पाठवते. यातलं नेमकं काय घ्यावं? आणि धाकट्या भावाचं कपाळ पंचविशीतच वर सरकतंय, त्यालाही हेच चालेल का?

मी दादरला त्वचारोगाची प्रॅक्टिस करते आणि हा प्रश्न थोड्याफार फरकाने रोज ऐकते. पर्समधून गमीची बाटली निघते, मोबाइलमध्ये आणखी चार बाटल्यांचे फोटो असतात, आणि रक्ताचा रिपोर्ट मात्र एकही नसतो. म्हणून मी उलट्या टोकाकडून सुरुवात करते.

गमी आधी बंद करा, आणि त्यानंतर निदान चार-पाच दिवस गेल्याशिवाय रक्त द्यायला जाऊ नका. हे केसांसाठी नाही, तुमच्या थायरॉइडसाठी सांगते आहे. अनेक लॅबमध्ये टीएसएच, टी३, टी४ ही थायरॉइडच्या तपासणीतली संप्रेरकं मोजण्याच्या पद्धतीत बायोटिनच वापरलेलं असतं. चाचणीतले रेणू पकडून ठेवायला त्याचा उपयोग होतो. तुमच्या रक्तात आधीच भरमसाट बायोटिन फिरत असेल तर यंत्र फसतं. टीएसएच आहे त्यापेक्षा कमी दिसतो, टी३-टी४ जास्त दिसतात, म्हणजे कागदावर थायरॉइड भडकलेला. डॉक्टर रिपोर्ट बघून गोळीचा डोस कमी करतात. शरीराला तेवढी गोळी मुळात हवीच असते, त्यामुळे दोन-तीन महिन्यांत थायरॉइड खरोखर मंदावतो. आणि मंदावलेल्या थायरॉइडमुळे काय होतं? केस गळतात.

अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, नोव्हेंबर २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराच्या झटक्यात करतात ती ट्रोपोनिनची चाचणीही बायोटिनमुळे खोटी कमी येऊ शकते आणि त्यातून एक रुग्ण दगावला, असं त्यात म्हटलं होतं. तेव्हा कधीही अचानक हॉस्पिटलात जायची वेळ आली तर ‘बायोटिन चालू आहे’ हे आठवणीने सांगा. गमी म्हणजे औषध वाटतच नाही, त्यामुळे लोक ते सांगतच नाहीत.

बरं, केसांना तरी त्याचा उपयोग होतो का? मोठ्या माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. तुमच्या गमीत त्याच्या तीनशे पटींहून जास्त आहे, आणि ते बहुतेक सगळं लघवीवाटे निघून जातं. शेंगदाणे, डाळी, अंड्याचा बलक यांतून रोजची गरज सहज भागते. २०१७ साली बायोटिन आणि केस-नखं यांवर तोवर प्रसिद्ध झालेल्या सगळ्या केसेस एकत्र करून एक आढावा निघाला. त्यात फायदा झालेले रुग्ण भरले अठरा, आणि अठराच्या अठरा जणांना मुळात काही ना काही आजार होता: कुणाला जन्मजात एन्झाइमचा दोष, कुणाला केस-नखांचाच विकार. धडधाकट माणसाने बायोटिन खाऊन केस दाट झाले, असं दाखवणारा धड अभ्यास नाही. फिट्सची व्हॅल्प्रोएट गोळी चालू असलेले, पोटाची वजन घटवायची शस्त्रक्रिया झालेले, किंवा जिमच्या नादाने रोज कच्च्या अंड्याचा पांढरा भाग पिणारे, अशांना बायोटिन कमी पडू शकतं. कच्च्या पांढऱ्यातलं प्रथिन बायोटिनला धरून ठेवतं, शिजवलं की सोडतं. तुम्ही यातल्या कशात बसत नाही.

मग ‘मला तर फरक पडला’ असं सांगणाऱ्या मैत्रिणी खोटं बोलतात का? अजिबात नाही. त्यांचे केस गळायचे थांबलेच असतात, फक्त ते कशामुळे थांबले याचा हिशेब चुकलेला असतो. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि प्रत्येकाचं चक्र वेगळं चालतं. दोन ते सहा वर्षं वाढ, दोन-तीन आठवडे आवराआवर, मग तीनेक महिने विश्रांती आणि शेवटी गळणं. रोज पन्नास ते शंभर केस जाणं त्यात धरलेलंच आहे. शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे बाळंतपण, जोराचा ताप, ऑपरेशन किंवा भराभर घटवलेलं वजन, की वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. तोपर्यंत माणूस तो ताप विसरलेला असतो. घाबरून गोळी सुरू होते, आणि तीन ते सहा महिन्यांत गळती आपली आपणच कमी होते, कारण ती होणारच असते. श्रेय मात्र गमीला जातं. मुंबईत पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू-मलेरियाचा जोर असतो. आमच्या ओपीडीत त्यानंतरच्या केसगळतीचे रुग्ण दिवाळीच्या आसपास आणि नंतर येतात. वजन कमी करायच्या नव्या इंजेक्शनांनंतरही हाच प्रकार दिसतो. वजन जितकं झपाट्याने उतरतं तितके केस जास्त जातात.

म्हणून आधी कॅलेंडर काढा. गळती सुरू झाली त्याच्या दोन-तीन महिने आधी काय झालं होतं? ताप, नवीन डाएट, घरात आजारपण, थायरॉइडच्या गोळीच्या डोसात बदल, की नव्याने सुरू केलेली किंवा सोडलेली गर्भनिरोधक गोळी?

तुमच्या वर्णनात एक गोष्ट मात्र मला खटकते, ती म्हणजे रुंद होणारा भांग. नुसत्या धक्क्याने होणारी गळती सगळ्या डोक्यावर सारखी असते. वेणी बारीक होते, शेपूट हाताला हलकं लागतं, पण भांग ठळक दिसत नाही. भांगाच्या दोन्ही बाजूंनी टाळू दिसायला लागणं आणि पुढची केसांची रेषा मात्र जागच्या जागी राहणं, ही बायकांच्या आनुवंशिक केसविरळतेची खूण. यात केस मुळापासून पटापट गळत नाहीत, तर प्रत्येक नवीन केस आधीच्यापेक्षा बारीक आणि आखूड उगवत जातो. आई, मावशी, आत्या यांचे पन्नाशीतले फोटो बघा. ३६ व्या वर्षी दोन्ही प्रकार एकत्र असणं मुळीच दुर्मीळ नाही. वर्षानुवर्षं हळूहळू चाललेली विरळता धक्क्याच्या गळतीमुळे एकदम उघडी पडते. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर पीसीओएस या अंडाशय आणि संप्रेरकांच्या विकाराचीही तपासणी करावी लागेल.

हे इतकं लांबवायचं कारण असं की सप्लिमेंट फक्त कमतरता भरून काढतं. शरीरात जे कमी आहे ते दिलं तर केस ऐकतात. जे पुरेसं आहे ते आणखी ओतलं तर काही होत नाही, आणि काही वेळा उलटंच होतं. तेव्हा काय घेऊ, याचं उत्तर रक्तात शोधायचं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन, टीएसएच, बी१२ आणि ड जीवनसत्त्व, एवढ्या चाचण्या पुरतात. पन्नास-साठ चाचण्यांचं फुल बॉडी पॅकेज लागत नाही. त्या पॅकेजात फेरिटिन बऱ्याचदा नसतंच, आणि तुमच्यासाठी तेच सर्वात महत्त्वाचं आहे.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन बारा आलं की ‘माझं लोह चांगलं आहे’ असं समजलं जातं, पण शरीर आधी साठा संपवतं आणि हिमोग्लोबिन शेवटी उतरतं. केसाचं मूळ हे शरीरातल्या सर्वात वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी एक. टंचाई आली की काटकसर तिथून सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना फेरिटिन १५ च्या खाली गेलं की कमतरता मानते. केसांच्या बाबतीत आम्ही बहुतेक त्वचारोगतज्ज्ञ निदान ३०-४० च्या वर असावं असं धरतो, काही जण ७० पर्यंत नेतात. नेमक्या आकड्यावर एकमत नाही, पण ९ किंवा ११ फेरिटिन असलेल्या बाईला गमी देण्यात अर्थ नाही यावर आहे. आणि असे आकडे आपल्याकडे सर्रास दिसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. त्या सगळ्याच काही उपाशी राहणाऱ्या नव्हेत. एक बारकावा सांगते: ताप किंवा कुठलीही सूज अंगात असताना फेरिटिन खोटं वाढलेलं येतं, म्हणून आजारातून उठल्या उठल्या तपासू नका.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीनुसार तुमच्या वयाच्या स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवं, पुरुषाला १९. हा आकडा एवढा मोठा आहे कारण आपल्या शाकाहारी जेवणातलं लोह शोषलं कमी जातं. त्यात चहा. सकाळी पोळीबरोबर चहा, डबा खाल्ला की चहा, चारला पुन्हा चहा; चहातली टॅनिन जेवणातलं लोह धरून ठेवतात. चहा सोडा असं मी मुंबईत कुणालाच सांगत नाही, कोणी ऐकणार नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, एवढंच सांगते. आणि जेवताना लिंबू पिळा, आवळा खा, कोशिंबिरीत कच्चा टोमॅटो घाला. क जीवनसत्त्वामुळे तेच लोह जास्त शोषलं जातं.

फेरिटिन खरंच कमी असेल तर आहाराने ते भरायला फार वेळ जातो, तिथे गोळी हवीच. पण ती रोज दोनदा घ्यायची जुनी पद्धत आता मागे पडते आहे. लोहाची गोळी घेतली की शरीरात हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढचं लोह आत यायला अडवतं. २०१७ साली ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लोह कमी असलेल्या तरुणींमध्ये एका दिवसाआड दिलेली गोळी रोजच्या गोळीपेक्षा जास्त शोषली गेली. त्यामुळे मी बऱ्याच जणींना एका दिवसाआड एकच गोळी देते. मळमळ आणि बद्धकोष्ठही कमी होतं, आणि त्यामुळे गोळी शेवटपर्यंत घेतली जाते. शौचाचा रंग काळा होतो, घाबरू नका. गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. लहान मुलाने मूठभर लोहाच्या गोळ्या खाल्ल्या तर ते जिवावर बेततं.

तुमच्यासाठी खास सूचना: थायरॉइडची गोळी आणि लोह किंवा कॅल्शियम यांत किमान चार तास ठेवा. ५.४० ची लोकल पकडायची म्हणून सगळ्या गोळ्या एकाच घोटात घेणाऱ्या बायका मी पाहते. लोह थायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉइडच्या गोळीतल्या औषधाला, आतड्यातच बांधून टाकतं आणि ती गोळी वाया जाते. थायरॉइडची सकाळी उपाशीपोटी, लोह दुपारी किंवा संध्याकाळी.

आणि लोह स्वतःच्या मनाने सुरू करू नका. मुंबईत सिंधी, पंजाबी, गुजराती, कच्छी, लोहाणा अशा अनेक समाजांत थॅलेसेमिया मायनर हा रक्ताचा आनुवंशिक दोष बऱ्यापैकी आढळतो. त्यात हिमोग्लोबिन थोडं कमी आणि तांबड्या पेशी लहान दिसतात, अगदी लोहाच्या कमतरतेसारख्या, पण लोहाचा साठा भरलेला असतो. अशा व्यक्तीला वर्षानुवर्षं लोह दिलं तर ते अवयवांत साठतं. फेरिटिन बघितलं की हा घोटाळा टळतो. उलट फेरिटिन भरल्यावर पुन्हा पुन्हा घसरत असेल तर शोध पाळीकडे वळवावा लागतो. पाच-सहा दिवस भरपूर रक्त जात असेल, गाठी पडत असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ आहे का ते बघा. ते तसंच ठेवून लोह घेत राहिलात तर महिन्याला आलेलं महिन्यालाच जाईल.

आईचे अळिवाचे लाडू खा. अळिवात लोह चांगलं असतं, बाळंतिणीला ते द्यायची आपली पद्धत उगाच पडलेली नाही. पण एका लाडवात अळीव चमचाभर आणि खोबरं-गूळ वाटीभर असतो, तेव्हा त्याला औषध समजून दिवसाला तीन खाऊ नका. त्याच्यासोबत चहा तर नकोच. गरोदर असताना अळीव टाळतात, तेही पाळा.

लोहानंतर मी प्रथिनांकडे वळते. केस जवळजवळ संपूर्ण केराटिन नावाच्या प्रथिनाचा असतो, आणि डब्यात मात्र प्रथिन शोधावं लागतं. किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या बाईला साधारण ५० ग्रॅम. आता तुमचा दिवस धरा: चहा-बिस्किटं, तीन पोळ्या आणि बटाट्याची किंवा भेंडीची भाजी, संध्याकाळी स्टेशनवर वडापाव, रात्री पातळ वरण आणि भात. एका पोळीतून तीनेक ग्रॅम मिळतं. सगळं जमवून तीस-पस्तीसच्या आसपास गाडी अडते. त्यात श्रावण, नवरात्र आणि दर आठवड्याचा एक उपास. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच, खिचडीत जे थोडं असतं ते शेंगदाण्याच्या कुटाचं. उपास सोडा म्हणणार नाही. राजगिरा, दही, ताक, दाणे घ्या. एरवी डब्यात मोड आलेली मटकी किंवा मूग, पनीर, सोयाबीनच्या वड्या यांतलं काहीतरी रोज असू द्या. पन्नास ग्रॅम सुक्या सोयावड्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं, आणि त्या कुठल्याही वाण्याकडे मिळतात. ज्यांच्याकडे मासे चालतात त्यांना तर मुंबईत काही सांगायची गरज नाही: बांगडा, बोंबील, तिसऱ्या. तिसऱ्यांत तर लोह आणि बी१२ दोन्ही भरपूर. व्हे पावडर वाईट नाही, पण ताटात जागा असताना ती मी शेवटी सुचवते.

बी१२ आणि ड. शाकाहारी माणसाला बी१२ फक्त दुधातून मिळतं, आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन किंवा ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर तेही कमी शोषलं जातं. कमी असेल तर नक्की भरा, त्यात केसांइतकाच नसांचाही प्रश्न आहे. ड जीवनसत्त्व केसगळतीच्या रुग्णांत कमी आढळतं हे खरं, पण ते भरल्याने केस दाट होतात याचा पुरावा कच्चा आहे. हाडांसाठी म्हणून भरा. ६०,००० युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदाच, साधारण आठ आठवडे, मग डॉक्टर सांगतील तसं. ती रोज घेणारे लोक असतात. रक्तातलं कॅल्शियम वाढून उलट्या, मूतखडा आणि किडनीला इजा, इथपर्यंत मामला जातो.

झिंक कमी असेल तरच. दिवसाला ४० मिलिग्रॅमच्या वर महिनोन्‌महिने घेतलं तर तांब्याची कमतरता होते आणि रक्तक्षय पुन्हा दारात. ५० मिलिग्रॅमची गोळी मेडिकलमध्ये सहज मिळते म्हणून ती रोज घ्यायची नसते.

आता तुमच्या यादीतल्या उरलेल्या गोष्टी. कोलॅजेन पोटात गेलं की कुठल्याही प्रथिनासारखंच पचून तुटतं. ते थेट टाळूत जाऊन बसत नाही. केसांवर त्याचा भरवशाचा अभ्यास नाही, आणि बहुतेक पावडरी माशांच्या किंवा जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेल्या असतात, हे शाकाहारी म्हणून तुम्ही लेबलवर बघाच. ओमेगा-३ चं थोडं बरं आहे. २०१५ मध्ये १२० स्त्रियांवर सहा महिने झालेल्या अभ्यासात माशाचं तेल, ब्लॅककरंट नावाच्या फळाच्या बियांचं तेल आणि अँटिऑक्सिडंट असं मिश्रण घेणाऱ्यांचे केस दाट दिसले. मिश्रण असल्यामुळे श्रेय नेमकं कुणाचं ते कळत नाही. जवसाची चटणी खा, नुकसान काही नाही.

भोपळ्याच्या बियांच्या तेलाचा कोरियातला २०१४ चा अभ्यास सगळे विक्रेते दाखवतात: ७६ पुरुष, रोज ४०० मिलिग्रॅम, २४ आठवडे, केसांच्या संख्येत ४० टक्के वाढ, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत १० टक्के. आकडे खरे आहेत. पण त्या कॅप्सूलमध्ये बियांच्या तेलाशिवाय इतरही घटक होते, आणि तो एकच लहान अभ्यास आहे. ई जीवनसत्त्वाचंही असंच. मलेशियात २०१० साली ३८ जणांवर फायदा दिसला तो टोकोट्रायनॉल या प्रकाराचा. मेडिकलमधल्या नेहमीच्या हिरव्या कॅप्सूलमध्ये टोकोफेरॉल असतं, ते वेगळं. शिवाय ४०० युनिट ई रोज वर्षानुवर्षं घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २०११ ला दिसून आलं. चेहऱ्याला लावायला म्हणून आणलेली कॅप्सूल सहज पोटात जाऊ लागते, म्हणून हे सांगितलं.

एकूण चित्र कसं आहे ते ‘जामा डर्मॅटॉलॉजी’ या त्वचारोगाच्या नियतकालिकाने छापलेल्या एका आढाव्यातून कळतं. केसांच्या सप्लिमेंटवरचे हजारो संदर्भ चाळून त्यांना विचारात घेण्याजोगे सापडले तीस अभ्यास. काहींत फायदा दिसला, पण बरेचसे छोटे, आणि काही तर ती गोळी विकणाऱ्या कंपनीच्याच पैशाने केलेले.

जास्तीने नुकसान होतं म्हणाले, त्याचं सर्वात ठळक उदाहरण सेलेनियम. ते ‘केसांसाठी’ म्हणून कित्येक मल्टिव्हिटॅमिनमध्ये असतं आणि जास्त झालं की केसच झडतात, नखं ठिसूळ होतात. अमेरिकेत २००८ मध्ये एका द्रवरूप सप्लिमेंटमध्ये लेबलवरच्या दोनशे पट सेलेनियम गेलं आणि दोनशेच्या वर लोकांना विषबाधा झाली. त्यांच्यात केसगळती हे एक मुख्य लक्षण होतं. आपल्याकडे २०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं काही दिवसांत टक्कल पडून हादरली होती, ते आठवत असेल. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हात आणि रुग्णांच्या रक्त-केसांत सेलेनियम जास्त असल्याचं मांडलं. अ जीवनसत्त्वही तसंच; जास्त झालं की केस गळतात आणि गरोदरपणात बाळाला धोका. एक गमी, एक मल्टिव्हिटॅमिन, एक ‘हेअर-स्किन-नेल’ कॅप्सूल अशा तीन बाटल्या एकाच वेळी चालू असतात तेव्हा या दोघांची बेरीज कोणीच करत नाही. बाटल्या शेजारी शेजारी ठेवून लेबलं वाचा. चौदा आकडी परवाना क्रमांक आहे म्हणजे ते औषध म्हणून तपासलंय असं नव्हे. तो अन्नपदार्थाचा परवाना असतो.

पाण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण विचाराल. मुंबई शहराला तानसा, वैतरणा, भातसा अशा धरणांचं पाणी येतं आणि ते तसं मऊच असतं. टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी असेल तर केस रखरखीत होऊन मधूनच तुटतात, पण मुळापासून गळत नाहीत. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका दिसतो का ते बघा: दिसला तर तो मुळापासून आलेला, नाही तर तुटलेला.

समजा सगळे रिपोर्ट चांगले आले, किंवा फेरिटिन भरूनही सहा महिन्यांनी भांग तसाच राहिला. मग आनुवंशिक विरळता धरून चालायचं, आणि तिथे खरा उपाय मिनॉक्सिडिल. टाळूला लावायचं, दोन किंवा पाच टक्के, रोज. पहिल्या काही आठवड्यांत गळती वाढते आणि तिथेच निम्म्या जणी सोडून देतात. ती जुने केस जाऊन नवे येण्याची खूण असते. चार ते सहा महिने धीर धरावा लागतो आणि बंद केलं तर मिळवलेलं जातं. गरोदर असाल, तसा विचार असेल किंवा अंगावर पाजत असाल तर नको. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून कुठलाही उपाय तीन महिन्यांआधी जोखू नका. दर महिन्याला एकाच उजेडात, एकाच ठिकाणी भांगाचा फोटो काढून ठेवा; आरशावर आणि मनावर विसंबू नका. खासगी दवाखाना परवडत नसेल तर केईएम, सायन, नायर किंवा जे. जे.च्या त्वचारोग ओपीडीत जा, वेळ लागतो पण तपासणी नीट होते. गोल चट्टा पडून तिथले केस पूर्ण गेले, म्हणजे आपण चाई म्हणतो ती असेल, किंवा टाळूला आग, खपल्या, चकचकीत व्रण असतील, तर मात्र फोटो-रिपोर्ट यांत वेळ न घालवता लगेच दाखवा. व्रण पडलेल्या जागी केस परत येत नाहीत.

तुमच्या भावाची गोष्ट वेगळी. कपाळाच्या कोपऱ्यांतून वर सरकणारी रेषा पंचविशीत दिसते ती डीएचटी या पुरुषी संप्रेरकाची करामत, आणि ती अळीव, गमी, कोलॅजेन कशानेच अडत नाही. त्याला कोणी सॉ पाल्मेटो, म्हणजे एका ताडवर्गीय झाडाच्या फळाचा अर्क, सुचवेल. इटलीत शंभर पुरुषांवर दोन वर्षं ३२० मिलिग्रॅम सॉ पाल्मेटो आणि १ मिलिग्रॅम फिनास्टराइड ही टकलावरची गोळी यांची तुलना झाली होती, २०१२ साली प्रसिद्ध झाली. सुधारणा अनुक्रमे ३८ टक्क्यांत आणि ६८ टक्क्यांत. म्हणजे अगदी निकामी नाही, पण बराच मागे. फिनास्टराइड १९९७ पासून टकलासाठी वापरात आहे. थोड्या पुरुषांत लैंगिक इच्छा कमी होणं, मन उदास होणं असे त्रास दिसतात, त्यामुळे ते मित्राच्या चिठ्ठीवर न घेता डॉक्टरांशी बोलूनच घ्यावं. ती गोळी घरातल्या गरोदर बाईने फोडलेली हाताळू नये. आणि तुमची गोळी-बाटली त्याला किंवा त्याची तुम्हाला असा व्यवहार करू नका. त्याला या वर्षीच दाखवा. मूळ जिवंत आहे तोवर केस टिकवणं सोपं असतं. गुळगुळीत झालेल्या जागी मग प्रत्यारोपणाचीच भाषा करावी लागते.